भिंतीवरचं घराणं

मोठ्या मुलाने तिला 'आईसाहेब' म्हणायला सुरुवात केली त्याच दिवशी म्हातारीने ओळखलं, ह्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. जन्मात 'अगं आई'च्या पुढे न गेलेला मुलगा. तापाने फणफणला तरी 'अगं', पैसे हवे असले तरी 'अगं', आणि भांडायला उभा राहिला तर नुसतंच 'हे बघ'. तो माणूस एका सकाळी चहाचा कप स्वतः घेऊन येतो, वाकून समोर ठेवतो आणि म्हणतो, "आईसाहेब, चहा."

"कुणाची साहेब रे मी?" म्हातारी म्हणाली. "आणि बशी कुठाय? साहेबांना बशी लागते."

मोठा हसला नाही. हसणारा माणूस हसायचा थांबला की समजावं, त्याला कुणीतरी मोठेपणा विकला आहे.

मग ते वाढतच गेलं. मोठ्या सुनेला कामगारांनी 'वहिनीसाहेब' म्हणायचं, असा हुकूम निघाला. ती बिचारी ओ देईना. तिला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला हाक चाललीय. मोठ्याने मिशा वाढवल्या. त्या काही वळेनात, तेव्हा त्यांना तेल लावू लागला. ऑफिसात वाघाच्या पंजांचे पाय असलेली खुर्ची आली. आणि सगळ्यावर कडी म्हणजे हौदांकडे जाताना तो पांढरे हातमोजे घालू लागला. कॉस्टिक सोड्याच्या पिंपाशी रबरी मोजे घालतात ते वेगळे. हा ओल्या कापडाला बोट लावायचं म्हटलं तरी मोजे शोधायचा. रंगाऱ्याचा मुलगा, आणि रंगाचा विटाळ!

रंगखाना घराच्या पाठीलाच होता. लांबलचक पत्र्याची शेड, एका रांगेत हौद, टोकाला बॉयलर आणि वर वाळवणाच्या तारा. दवाखान्यांचे हिरवे झगे, हॉटेलांचे पडदे, विणकरांचं सूत, शाळांचे गणवेश, सगळं इथे यायचं आणि रंग पिऊन परत जायचं. हे सगळं म्हातारीच्या नवऱ्याने उभं केलं होतं, एका कढईपासून. जाताना तो कागदोपत्री तिच्या नावावर करून गेला. चालवायचा मोठा, किल्ल्या त्याच्याच कमरेला, आणि म्हातारीने कधी त्यात नाक खुपसलं नव्हतं. म्हणजे रोज खुपसायची, पण सही कधी अडवली नव्हती.

तर ह्या सगळ्या साहेबगिरीचं मूळ निघालं जातीच्या मंडळात. मंडळाला नवा अध्यक्ष हवा होता आणि मोठ्याला अध्यक्षपद. शिवाय मंडळाला एक इतिहासही हवा होता. जुना होता तो कुणाला आवडत नव्हता. म्हणून त्यांनी एक माणूस धरून आणला. गळ्यात दोरीला चष्मा, हातात फुगलेली पिशवी, आणि दर दोन वाक्यांनी 'दाखला आहे, दाखला आहे'. म्हातारीने त्याचं नाव दाखलेवाला ठेवलं, आणि आठवड्याभरात मोठी सूनसुद्धा चहा गाळताना विचारू लागली, "दाखलेवाल्यांना साखर किती?"

दाखलेवाल्याने ऑफिसात बसून घराण्याची हकिकत सांगितली, तेव्हा म्हातारी दारातच स्टूल टाकून बसली होती. मोठ्याने तिला आत वाघाच्या खुर्चीत बसायला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "वाघ उठला तर म्हाताऱ्या माणसाने पळायचं कुठे?"

हकिकत अशी होती. फार पूर्वी ह्यांचा मूळ पुरुष एका राज्याचा धनी होता. गड, घोडे, खजिना, काय म्हणाल ते. शत्रूने दगा केला, राज्य बुडालं. राजा एकटा पळाला. शत्रू पाठीवर. तेव्हा समोर रंगाचा हौद दिसला, राजाने मुकुट फेकला आणि त्यात उडी घेतली. वर आला तो नखशिखांत निळा. शत्रू समोरून निघून गेला, ओळखलंच नाही. त्या दिवसापासून राजाचे वंशज रंगकामात लपून राहिले.

"म्हणजे आपण रंगारी नाहीच," दाखलेवाला चष्मा पुसत म्हणाला. "रंगाऱ्याचं सोंग घेतलेले क्षत्रिय आहोत. दाखला आहे."

"सोंग उतरवायचं विसरून गेले वाटतं," म्हातारी दारातून म्हणाली. "एवढ्या पिढ्या?"

"आईसाहेब..." मोठा दातओठ खात म्हणाला.

"नाही, मला एकच सांगा. तो हौद कुणाचा होता?"

"कुठला हौद?"

"राजाने उडी मारली तो. आयता भरलेला हौद रस्त्यात सापडला, म्हणजे कुणीतरी रंग कालवून ठेवला असणार की. रंगारी आधीच होते तिथे. मग त्यांचं काय झालं? राजाने त्यांचा माल नासवला तो नासवला, वर त्यांची जातही घेतली?"

दाखलेवाला हसला. "आईसाहेब फार विनोदी आहेत."

विनोदी! म्हातारीच्या अंगाची आग आग झाली. तिला इतिहास ठाऊक नव्हता असं थोडंच होतं. शाळेचं तोंड तिने दोन-तीन पावसाळे पाहिलं असेल, अक्षर लावून लावून वाचायची, पण सासू होती ना. सासू हौद ढवळता ढवळता सांगायची. नदीच्या दोन काठांवर दोन राजे होते. एकाचा झेंडा पिवळा, एकाचा तांबडा, आणि दोन्ही झेंडे रंगायचे एकाच रंगाऱ्याकडे. लढाई लागणार हे प्रधानाच्या आधी रंगाऱ्याला कळायचं, कारण कापडाचे गठ्ठे वाढायचे. कधी हा राजा जिंकायचा, कधी तो. मग तिसराच कुणीतरी यायचा आणि दोघांना गिळायचा, आणि झेंडा निळा व्हायचा. रंगाऱ्याची वस्ती मात्र प्रत्येक राज्यात खालच्या अंगालाच, जिथे वरच्यांचं सगळं धुऊन येतं तिथे. पाणी रंगतं म्हणून खाली, वास येतो म्हणून लांब. वरच्या पाण्यावर रंगाऱ्याच्या बाईने घागर बुडवली तर शिपाई घागर फोडायचे. आणि तीच बाई आणखी खाली राहणाऱ्या, कातडी कमावणाऱ्यांच्या बाईची सावली पडली म्हणून आपली घागर पुन्हा घासायची. सासू हेही सांगायची, आणि सांगताना तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. म्हातारीलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

राजे असे होते. त्यांच्यात जाऊन बसायची घाई कुणाला झाली, तर ज्याच्या आजीची घागर त्यांनी फोडली त्याला!

तरी एवढ्यावर तिने सोडून दिलं असतं. मिशा वाढल्या तर वाढल्या, न्हावी जिवंत आहेत. पण तेवढ्यात धाकटीचं निघालं.

धाकटी म्हणजे धाकट्या मुलाची बायको. धाकटा गेला तेव्हा ती अशी गप्प झाली होती की म्हातारीला वाटलं, दोन माणसं गेली. मग एक दिवस ती आपली आपण उठून रंगाच्या खोलीत गेली आणि वजनकाट्याशी बसली. तेव्हापासून छटा जुळवायचं काम तिचं. गिऱ्हाईक नमुन्याची चिंधी आणायचं, आणि ही ती खिडकीशी धरून, उलटी करून, ओली करून बघायची आणि कुठला रंग किती घालायचा ते ठरवायची. चुकायची, पुन्हा करायची, स्वतःवरच चिडायची. चिडायला लागली तेव्हा म्हातारीला हायसं वाटलं होतं.

त्या दिवशी दोघी खिडकीशी एका पडद्याचा तुकडा धरून उभ्या होत्या.

"आई, एक विचारायचंय. रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन. आगाऊ माफी मी कुणाला देत नाही."

"बॉयलरवाल्यांनी विचारलंय."

"काय? बॉयलर बदलायचा?"

"मला."

म्हातारीला आधी कळलंच नाही. मग कळलं. बॉयलर दुरुस्तीला येणारा तो उंच, वाकून चालणारा माणूस. झडप दुरुस्त करायला येतो आणि चांगल्या झडपाही उघडून बघत बसतो, मोठ्याच्या मते उगाच बिल वाढवायला. तर बिलासाठी नव्हतं ते.

"जात कुठली?" म्हातारीने विचारलं.

"आपल्यातलेच आहेत."

"पितो का?"

"नाही."

"पहिली?"

"बाळंतपणात गेली. मूलही."

म्हातारीने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की आपण आधी काय विचारलं. माणूस कसा आहे ते नाही, धाकटीला आवडतो का ते नाही. आधी जात. आणि उत्तर ऐकून छातीवरचा दगड उतरला. आता दगड उतरला म्हणजे तो होताच की. ह्याचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून ती उगाच खेकसली, "आणि तुला? तुझ्या तोंडाला काय बॉयलरचं झाकण लागलंय? तुला हवाय का तो?"

"हवाय," धाकटी म्हणाली, आणि चिंधी खिडकीशी धरली, जशी काही तिची छटाच बघायची होती.

"मग झालं. आपल्यात पाट लागतोच. माझा नाही लागला?"

ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. त्यांच्या जातीत बाईचं दुसरं लग्न लागायचं, त्याला पाट म्हणायचे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. म्हातारी मुळात ह्या घरात नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको म्हणून आली होती. वर्ष व्हायच्या आत तो तापाने गेला. चांगला असेल, तिला त्याचा चेहराही धड आठवत नव्हता. मग त्याचा धाकटा भाऊ एक दिवस हौदाच्या पलीकडे येऊन उभा राहिला. कोपरापर्यंत निळे हात, मान खाली. म्हणाला, "वहिनी, घरचे मला विचारतायत. मी तुम्हाला विचारतो. नाही म्हणालात तरी इथलं तुमचं ताट कुणी काढणार नाही. तेवढं मी बघीन." एवढं बोलायला त्याने आठवडा घेतला असणार. हाच तिचा नवरा. दोन्ही मुलगे त्याचेच. थोरला भाऊ गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मोठा जन्मला होता.

धाकटीचं तिने मोठ्याच्या कानावर घातलं ते जेवताना. वाटलं, तोंडात घास असला की माणूस कमी बोलतो. मोठ्याने घास खाली ठेवला.

"शक्य नाही."

"का? मुलगा वाईट आहे?"

"प्रश्न मुलाचा नाही. मंडळाचा ठराव झालाय. आपल्या जातीत ह्यापुढे पाट बंद. राजकुळात विधवेचं लग्न होत नाही. आणि बायका रंगखान्यात काम करत नाहीत. निदान अध्यक्षाच्या घरात तरी हे पाळलं गेलं पाहिजे."

"तू अध्यक्ष कुठे झालायस?"

"होणार आहे."

"राजकुळात होत नाही," म्हातारी म्हणाली. "मग मी कोण रे? तुझ्या आईचा पाटच लागला होता ना?"

मोठ्याने इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघरात मोठी सून भांडी घासायची थांबली. "तो काळ वेगळा होता," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि ते आता कुणाला सांगत बसायची गरज नाही."

म्हातारीला वाटलं, समोरचं ताट उचलून ह्याच्या मिशांवर पालथं घालावं. राजे झाले, आणि पहिला वरवंटा कुणावर? बायकांवर. ना गड, ना घोडा, ना सैन्य. मग राज्य करायचं कुणावर? घरातल्या दोन सुनांवर. ज्या गोष्टीने आपल्या बायका त्या बंद माड्यांतल्या राण्यांपेक्षा मोकळ्या राहिल्या, दुसरा संसार मांडू शकल्या, चार पैसे हातात धरू शकल्या, तीच आधी टाकायची. म्हणजे वरच्यांचं दूध नाही मिळालं तरी त्यांचं विष तेवढं मागून प्यायचं.

"आणि तिने केलंच लग्न तर?"

"तर अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर. मग ह्या घराशी संबंध नाही."

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. रंगाच्या खोलीला कुलूप लागलं, आणि किल्ली मोठ्याच्या कमरेला गेली. धाकटी घरात बसली. छटा बिघडू लागल्या. दवाखान्याचे झगे हिरव्याऐवजी शेवाळी निघाले आणि परत आले, तरी मोठा ऐकेना. म्हातारी रोज भांडली. सकाळी भांडली, दुपारी भांडली. तो 'आईसाहेब' म्हणून हात जोडायचा आणि निघून जायचा. भांडायला समोर माणूस लागतो. हात जोडलेल्याशी कसं भांडायचं?

धाकटी एकदाच बोलली. "आई, राहू दे. मी थांबते."

"कशाला थांबतेस? राजा परत येईल म्हणून?"

"तुमच्या दोघांत माझ्यामुळे नको."

"आमच्या दोघांत तो जन्मल्यापासून आहे," म्हातारी म्हणाली. "तू आपली नवीन."

पण आतून तिलाही भीती वाटत होती. मुलगा तो मुलगाच. उरलेला एकच. धाकटीसाठी त्याला तोडायचं? शेवटी तिने मनाशी ठरवलं होतं, अध्यक्षपदाचा हा ताप उतरू द्यावा. एकदा खुर्ची मिळाली की माणूस मऊ होतो. दोन-चार महिने कळ काढायला सांगू धाकटीला. म्हातारी वाकायला निघाली होती, हे खरं.

तेवढ्यात भिंत रंगली.

पुढच्या दालनात, जिथे गिऱ्हाइकं बसायची, ती अख्खी भिंत मोठ्याने पांढरी करून घेतली आणि पाटीवाल्याला बोलावून तिच्यावर वंशवृक्ष काढायला लावला. बुंध्याशी मुकुट, वर फांद्या, फांद्यांवर सोनेरी अक्षरांत नावं. मंडळाच्या सभेच्या दिवशी त्यावरचा पडदा उघडायचा होता. सभेच्या आदल्या सकाळी म्हातारी बघायला गेली. पाटीवाला शिडीवर बसून पानांना हिरवा देत होता.

बुंध्याजवळची नावं तिने सोडून दिली. ते सगळे सिंह आणि सेन. तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. ती खालून वर येत आपल्या माणसांपर्यंत पोचली. अक्षर लावून लावून. सासऱ्याचं नाव. त्याला दोन फांद्या. पहिली जाड, तिच्यावर थोरल्या भावाचं नाव, तिच्या पहिल्या नवऱ्याचं. त्याच्या शेजारी तिचं स्वतःचं, आणि पुढे एक लांब शब्द. ती बोटाने हवेत अक्षरं जोडत राहिली. पतिव्रता. त्याच फांदीतून पुढे मोठ्याचं नाव फुटलं होतं, सगळ्यात ठळक. शेजारी धाकट्याचं.

तिला वाटलं, आपल्या डोळ्यांची चूक आहे. मग तिने दुसरी फांदी पाहिली. ती बारीक होती आणि थोडं पुढे जाऊन छाटल्यासारखी संपली होती. तिच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव, आणि खाली छोटा शब्द.

"हे काय लिहिलंयस?"

"कुठलं, आजी?"

"हे. बारक्या फांदीखाली. मोठ्याने वाच."

"आजी, मी पाटीवाला. मी वाचत नाही, काढतो." तरी तो वाकला. "निपुत्रिक."

म्हातारी तिथेच गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली.

थोरल्या फांदीला राज्य जातं म्हणून. आईचा पाट लपतो म्हणून. दोन्ही कामं एका फटक्यात. मेलेल्या काकाला बाप केलं, आणि बापाला बिनपोराचा करून छाटून टाकलं.

आणि कुठल्या बापाला? मोठा लहान असताना सुट्टीत बापाबरोबर हौदावर लुडबुडायचा, आणि शाळेत निळी बोटं घेऊन जायचा. पोरं त्याला 'निळ्या' म्हणायची आणि त्याच्या मागून नळाला तोंड लावायची नाहीत. एकदा रडत घरी आला. बाप तसाच उठला, हात न धुता. शाळेत जाऊन त्याने ते दोन्ही हात मास्तरांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "ह्या हातांनी तुमच्या शाळेचे गणवेश रंगवलेत. तुमच्या प्रत्येक पोराच्या अंगाला हे हात लागलेत. आता सगळ्यांना आंघोळीला पाठवा, नाहीतर माझ्या पोराला पाणी पिऊ द्या." तो जन्मात एवढं एकदाच बोलला असेल. मोठा दाराशी उभा होता. त्याने ऐकलं होतं सगळं. त्याला त्या दिवशी बापाचा अभिमान वाटला की लाज, हे म्हातारीला कधी कळलं नव्हतं. आता भिंतीवर सोनेरी अक्षरांत कळलं.

"चुकलं का काही?" पाटीवाल्याने विचारलं. "पुसू? ओलं आहे अजून."

"हात लावायचा नाही," म्हातारी म्हणाली. "वाळू दे. पक्कं होऊ दे."

सभेला दालन भरलं. मंडळाचे मावळते अध्यक्ष, दाखलेवाला, सूटबूटवाले, मागच्या ओळींत जुने रंगारी, ज्यांच्यापैकी निम्म्यांनी तिच्या पाटाचं जेवण जेवलेलं. ते गप्प होते, कारण त्यांच्याही घरी नव्या भिंती रंगायच्या होत्या. मोठा बोलला. हरवलेलं वैभव, दडवलेलं तेज, झोपलेला सिंह. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, "आमच्या पूज्य आईसाहेबांच्या हस्ते..."

म्हातारी उठली आणि पडदा ओढला. टाळ्या पुन्हा पडल्या. त्या थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"आता वाच," ती मोठ्याला म्हणाली.

"आईसाहेब, नंतर..."

"मला वाचता येत नाही धड. तू शिकलास. तुझ्या बापाच्या पैशाने शिकलास. ती छाटलेली बारीक फांदी वाच. लोकांना ऐकू दे."

मोठ्याच्या मिशीवर घाम आला. मागच्या ओळीतला एक जुना रंगारी खोकला. दाखलेवाला पिशवीत काहीतरी शोधू लागला.

"वाच!"

"निपुत्रिक," मोठा म्हणाला. आवाज असा की समोरच्या ओळीच्या पुढे गेला नाही. मग तो तिच्याजवळ आला, आणि पहिल्यांदा, कितीतरी दिवसांनी, त्याच्या तोंडून जुनं निघालं, "अगं आई, ऐक ना. माझ्या पोरीला बघायला आलेली माणसं 'हे अजून रंगारीच काय' म्हणून चहा न पिता उठून गेली. तू होतीस तिथे. मी हे कुणासाठी केलं? एक शब्द आहे फक्त. भिंतीवरचा. बाबा गेले, त्यांना आता काय फरक पडतो?"

क्षणभर म्हातारी डळमळली. त्या उठून गेलेल्या माणसांचे न प्यायलेले कप तिनेच उचलले होते. नात आत तोंड दाबून रडत होती, तेही तिनेच ऐकलं होतं. मोठा खोटं बोलत नव्हता. लाथ त्याला बसली होती, खरीच बसली होती. पण लाथ मारणाऱ्याचे पाय धरायचे, आणि त्यासाठी आपल्याच बापाच्या मढ्यावर उभं राहायचं?

"धाकटे," तिने आत हाक मारली, "बाहेर ये. अशी समोर ये, माझ्याजवळ. लपायला तू काही चोरी केलेली नाहीस."

धाकटी आली. दालनात कुजबूज झाली. मावळते अध्यक्ष म्हणाले, "बाई, हा घरचा मामला आहे, नंतर..."

"घरचाच आहे," म्हातारी म्हणाली. "तुम्ही पाहुणे. बसा आणि ऐका. पाहुण्यांना सगळं ऐकू येतंच, आज समोरासमोर येईल." मग ती मोठ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवायची गरज राहिली नव्हती.

"तू भिंतीवर लिहिलंस आणि चारचौघांत वाचलंस, की तो माणूस बिनपोराचा मेला. बरं. मला मान्य आहे. हा रंगखाना त्याने बांधला, हे घर त्याने बांधलं, आणि मागे बायको ठेवून गेला. पोरं त्याला नव्हतीच, तूच म्हणतोस. मग तू त्याचा पुतण्या. पुतण्याने पाहुण्यासारखं यावं, चहा प्यावा, ख्यालीखुशाली विचारावी आणि आपल्या घरी जावं. किल्ल्या काढ कमरेच्या. आत्ता. ह्या टेबलावर ठेव. रंगाची खोली उद्या उघडेल आणि तिथे धाकटी बसेल, आणि आजच बॉयलरवाल्याला माझा निरोप जाईल. त्यांचा पाट इथेच लागेल, ह्या दालनात, तुझ्या झाडासमोर. तुला बोलावणं येईल, पुतण्यांना बोलावतात आमच्यात. सूनबाई आणि पोरं हवी तर इथे राहतील, त्यांनी कुणाला छाटलेलं नाही. तुला मात्र ह्या घरात मुलगा म्हणून पाय ठेवायचा असेल, तर आधी ह्याच लोकांना पुन्हा बोलव आणि ह्याच जागी उभा राहून सांग, मी कुणाचा. ज्याच्यापाशी बाप सांगायची हिंमत नाही, त्याला मी राज्य देत नाही, आणि माझा रंगखानाही देत नाही. ठेव किल्ल्या."